व्हेअरमधली अट इंजिनाच्या पोटात कशी राहते आणि प्रत्येक ओळीवर कशी चालते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकण्यासाठी तुम्ही स्वतःचं छोटं डेटाबेस इंजिन लिहिलंय. एसक्यूएल क्वेरीच्या व्हेअरमधली (कोणत्या ओळी हव्यात ते सांगणाऱ्या भागातली) अट पार्सर, म्हणजे क्वेरीचा मजकूर वाचणारा भाग, झाडाच्या रूपात देतो आणि तेच झाड प्रत्येक ओळीसाठी मुळापासून पानांपर्यंत एक रिकर्सिव्ह फंक्शन चालतं. हजार ओळींवर ठीक, एक कोटी ओळींवर जीव जातो. खरी इंजिनं हे झाड ठेवतात की नाही, आणि ठेवत नसतील तर तुम्ही थेट मशीन कोड तयार करायच्या मागे लागावं का?

माझ्या मते अडचण झाडात नाही. पार्सरकडून आलेलं झाड जसंच्या तसं चालवायला नेलं, ही अडचण आहे. एकाच एक्स्प्रेशनला इंजिनात दोन कामं असतात. त्याच्याबद्दल विचार करता आला पाहिजे: ते सोपं करता येईल का, त्याला इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) लागेल का, त्याचे दोन तुकडे करून एक खालच्या स्कॅनपर्यंत, म्हणजे टेबल चाळण्याच्या पायरीपर्यंत, ढकलता येईल का. आणि ते लाखो वेळा चालवता आलं पाहिजे. पहिल्या कामाला झाडासारखं दुसरं काही नाही, दुसऱ्या कामाला झाड फारसं बरं नाही. म्हणून बहुतेक मुरलेली इंजिनं दोन्ही रूपं ठेवतात.

बाकी बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. डेटा ओळीवार ठेवलाय की कॉलमवार, क्वेऱ्या चार ओळी आणणाऱ्या आहेत की सगळं टेबल चाळणाऱ्या, तुमची भाषा फंक्शन पॉइंटर किती स्वस्तात बोलावते, हे मला माहीत नाही. त्यामुळे आधी प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावा. माझ्या पहिल्या इंजिनात मी बरेच दिवस रिकर्शनला शिव्या घातल्या. शेवटी प्रोफायलरमध्ये दिसलं की कॉलमच्या नोडमध्ये मी कॉलमचं नाव स्ट्रिंग म्हणून ठेवलं होतं आणि प्रत्येक ओळीला त्या नावावरून हॅश टेबलात जागा शोधत होतो. रिकर्शन बिचारं निर्दोष होतं. तुमच्याकडेही असंच काही निघालं तर मला नवल वाटणार नाही.

नावं एकदाच सोडवा

पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण घेतो, कारण त्याचा कोड उघडा आहे आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेलाय. तिथे पार्सरचं कच्चं झाड जवळजवळ व्याकरणापुरतंच असतं. 'दर' नावाचं काहीतरी, 'गुणिले' नावाचं काहीतरी, एवढंच. ते टेबल अस्तित्वात आहे का, याचाही पत्ता तिथे नसतो. मग विश्लेषणाची पायरी येते आणि सगळी नावं कायमची सोडवते. कॉलमचं नाव जाऊन त्या जागी व्हार नोड येतो, त्यात क्वेरीतल्या कितव्या टेबलाचा कितवा कॉलम आणि त्याचा प्रकार काय, हे आकड्यांत असतं. 'गुणिले' चिन्हाच्या जागी ऑपरेटरचा नोड येतो आणि नेमकं कोणतं फंक्शन बोलवायचं ते ठरतं, कारण पूर्णांकांचा गुणाकार वेगळा, दशांशांचा वेगळा.

याच पायरीत न मागितलेले कास्ट (किमतीचा प्रकार बदलणारी फंक्शनं) झाडात घुसतात. हे नीट पाहा, कारण पुढे त्याचे चटके बसतात. समजा टेबलात पाच कॉलम आहेत: क्रमांक, दिनांक, दर, नग, स्थिती. दर हा न्यूमेरिक (दशांश आकडा), नग हा पूर्णांक. अट अशी:

दर * नग > १००० अँड स्थिती = 'चालू'

तुम्ही लिहिलंत एवढंच, पण विश्लेषणानंतरच्या झाडात नग भोवती 'पूर्णांकाचं न्यूमेरिक कर' असं एक फंक्शन गुंडाळलेलं असतं आणि १००० भोवतीही तेच. १००० वरचं पुढे प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) एकदाच चालवून संपवतो, कारण तो कॉन्स्टंट आहे. नग वरचं राहतं आणि ओळीगणिक चालतं.

हाच कास्ट इंडेक्सच्या आड कसा येतो ते बघा. क्रमांक हा पूर्णांक कॉलम आहे, त्यावर इंडेक्स आहे, आणि कुणीतरी क्रमांक = १०.० असं लिहिलं. १०.० हा न्यूमेरिक. मग कास्ट लागतो तो कॉलमवर. इंडेक्स 'क्रमांक'चा आहे, अट मात्र 'न्यूमेरिक केलेल्या क्रमांका'ची झाली, आणि सगळं टेबल चाळलं जातं. ओआरएममधून (प्रोग्रॅममधल्या ऑब्जेक्टांवरून क्वेऱ्या बनवणाऱ्या लायब्ररीतून) पॅरामीटरचा प्रकार चुकीचा बांधला गेल्यामुळे हे होताना मी इतक्यांदा पाहिलंय की हल्ली हळू क्वेरी समोर आली की मी आधी प्लॅनमधल्या अटीत कास्ट शोधतो.

झाडावर विचार करणं

आता झाड खऱ्या अर्थाने कामाला येतं. प्लॅनर त्यावर नियम चालवतो. २ + ३ चं ५ करणं हे सगळ्यांना सुचतं, पण 'उत्तर आत्ताच काढू का' हे फंक्शनच्या स्वभावावर ठरतं. पोस्टग्रेसमध्ये तीन स्वभाव आहेत. इम्यूटेबल म्हणजे तेच इनपुट दिलं की कायम तेच उत्तर. याचं उत्तर प्लॅन करतानाच काढून ठेवता येतं. स्टेबल म्हणजे एका स्टेटमेंटपुरतं उत्तर बदलत नाही, उदाहरणार्थ नाऊ. हे प्लॅनमध्ये गोठवता येत नाही, कारण प्लॅन साठवून नंतर पुन्हा वापरला जाऊ शकतो. पण इंडेक्समध्ये जे मूल्य शोधायचं ते म्हणून सुरुवातीला एकदा काढून वापरता येतं. व्होलाटाइल म्हणजे रँडमसारखं, दर वेळी वेगळं. त्याला हात लावायचा नाही. तुमच्या इंजिनात प्रत्येक फंक्शनवर ही खूण पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर लावायला गेलात तर आधी लिहिलेला प्रत्येक नियम पुन्हा तपासत बसावं लागतं.

अँड आणि ऑर तुम्ही दोन-दोन फांद्यांचे ठेवले असणार. पोस्टग्रेस ते सपाट करतं: पाच अटींचा एकच अँड, त्याला पाच मुलं. व्हेअरमधल्या सगळ्यात वरच्या अँडचा तर नोडही राहत नाही, नुसती अटींची यादी उरते. तेवढ्याने पुष्कळ सोपं होतं, कारण मग प्रत्येक अट सुटी उचलून ज्या टेबलाची असेल त्या स्कॅनला देता येते. (अ अँड ब) ऑर (अ अँड क) यातून सामाईक अ बाहेर काढणं, हेही तिथेच होतं.

नल, म्हणजे 'किंमत माहीत नाही' अशी खूण, इथेच पाय ओढतो. शाळेतलं बीजगणित घेऊन नियम लिहायला बसलात तर पहिल्याच दिवशी चूक होईल. क्ष * ० चं शून्य करू नका, क्ष नल असेल तर उत्तर नल आहे. क्ष = क्ष चं 'खरं' करू नका, व्हेअरमध्ये त्याचा अर्थ 'क्ष नल नाही' एवढाच निघतो, आणि पोस्टग्रेस नेमकं तेच रूप करतं. उलट नॉट (अ > ब) चं अ <= ब करणं चालतं, कारण अ किंवा ब नल असेल तर दोन्ही रूपं नलच देतात. प्रत्येक नियमाला खरं, खोटं आणि नल अशी तिन्ही उत्तरं लावून तक्ता मांडायचा, मगच कोड लिहायचा.

आणखी एक फसवा कोपरा आहे, तो पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेतही दिलाय:

केस व्हेन क्ष > ० देन क्ष एल्स १/० एंड

टेबलातली प्रत्येक ओळ धन असली तरी ही क्वेरी शून्याने भागाकाराची चूक देऊन पडते. केस आळशी असतो, न लागणारी शाखा चालवत नाही, हे खरं. पण १/० हे दोन कॉन्स्टंटचं एक्स्प्रेशन असल्यामुळे प्लॅनर ओळींपर्यंत पोचायच्या आधीच त्याचं उत्तर काढायला जातो. तुमच्या इंजिनात तुम्ही चूक आली तर तो तुकडा जसाच्या तसा सोडून द्यायचं ठरवू शकता. मी तसंच करेन. पण ठरवा, आपोआप जे होईल ते होऊ देऊ नका.

इंडेक्सशी जुळवणीही याच झाडावर होते आणि ती बरीच अक्षरशः होते. लोअर(नाव) वर इंडेक्स असेल तर क्वेरीत तेच झाड दिसावं लागतं. ५ = क्ष उलटून क्ष = ५ करणं जमतं, कारण त्या ऑपरेटरची उलटी जोडी कॅटलॉगमध्ये (इंजिनाच्या स्वतःच्या नोंदींत) नोंदलेली असते. पण इंडेक्स क्ष + २ वर आणि क्वेरीत २ + क्ष असेल तर जुळत नाही. क्ष + ० = ५ तर साध्या इंडेक्सलाही चकवतं. गणितात सारखं म्हणजे प्लॅनरला सारखं, असं नाही.

झाडाचं पट्टीत रूपांतर

विचार संपला की चालवणं. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, तेही ढोबळमानाने तुमच्यासारखंच करत होतं: प्रत्येक नोडला एक फंक्शन पॉइंटर आणि वरून खाली रिकर्शन. मायएसक्यूएल आजही आयटेम नावाच्या ऑब्जेक्टांचं झाड ठेवतं आणि त्यावर व्हर्च्युअल मेथड बोलावतं, आणि त्यावर अर्धं वेब चालतं. तेव्हा लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

१० व्या आवृत्तीत पोस्टग्रेसने एक्झिक्यूशनच्या सुरुवातीला झाड एकदाच चालून त्याची पायऱ्यांची सपाट पट्टी करायला घेतली. वरची अट साधारण अशी होते (ख म्हणजे खण, मधली उत्तरं ठेवायची जागा):

०. ओळीतले पहिले ५ कॉलम सुटे करा
१. कॉलम ५ → ख१
२. ख१ नल तर ख२ नल; नाहीतर ख२ = मजकूर_समान(ख१, 'चालू')
३. ख२ खरं नसेल तर निकाल खोटा, पायरी १० वर उडी
४. कॉलम ३ → ख३
५. कॉलम ४ → ख४
६. ख४ नल तर ख५ नल; नाहीतर ख५ = न्यूमेरिक_कर(ख४)
७. ख३ किंवा ख५ नल तर ख६ नल; नाहीतर ख६ = गुणाकार(ख३, ख५)
८. ख६ नल तर ख७ नल; नाहीतर ख७ = मोठा_का(ख६, १०००)
९. ख७ खरं नसेल तर निकाल खोटा
१०. संपलं

ही यादी जरा सावकाश वाचा. स्थितीची अट तुम्ही दुसरी लिहिली होती, इथे ती पहिली आली. प्लॅनरने प्रत्येक अटीतल्या फंक्शनांची किंमत मोजली: एकीत एक फंक्शन, दुसरीत तीन. स्वस्त आधी. म्हणूनच ब <> ० अँड अ/ब > २ असं लिहून 'डावीकडची अट मला वाचवेल' असं धरून चालू नये. एसक्यूएलमध्ये क्रमाची हमी नाही. हमी हवी असेल तर केस वापरायचा, वरचा कॉन्स्टंटचा अपवाद लक्षात ठेवून.

पायरी शून्य दिसायला किरकोळ आहे, पण ओळीवार साठवणीत बऱ्याचदा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. ओळ डिस्कवर एका पट्ट्यात गच्च भरलेली असते. मधे कमीजास्त लांबीचा मजकूर असेल तर पाचव्या कॉलमची जागा कळायला आधीचे चार ओलांडावेच लागतात. एक्स्प्रेशनला लागणारा सगळ्यात शेवटचा कॉलम कोणता हे आधीच काढून एकदाच तिथपर्यंत सोडवायचं, आणि त्यापुढचे साठ कॉलम असले तरी त्यांना हात लावायचा नाही. तुमच्या कोडमध्ये प्रत्येक ओळीचे सगळे कॉलम सुटे होत असतील, तर झाडाला हात लावायच्या आधी हे करा.

पायरी ३ आणि ९ मध्ये नल आणि खोटं यांना एकच वागणूक दिलीय. हे फक्त व्हेअरच्या सगळ्यात वरच्या पातळीवर चालतं, कारण तिथे दोघांचाही अर्थ 'ओळ नको' असाच आहे. हाच अँड सिलेक्टच्या यादीत किंवा नॉटच्या आत असेल तर नल दिसल्यावर थांबता येत नाही. पुढे एखादं खोटं निघालं तर उत्तर खोटं, नाही निघालं तर नल. तिथे 'वाटेत नल दिसला होता' एवढं लक्षात ठेवून पुढे जावं लागतं. दोन्हींसाठी पायऱ्यांचे वेगळे प्रकार ठेवा.

पट्टीचा फायदा कुठून येतो? रिकर्शनमधलं फंक्शनांचं येणंजाणं वाचतं, स्टॅक वाढत नाही, आणि पायऱ्या मेमरीत ओळीने शेजारी शेजारी बसतात. पोस्टग्रेसमध्ये एक पायरी ६४ बाइटांत बसेल याची मुद्दाम काळजी घेतात, म्हणजे बहुतेक प्रोसेसरांवर एक कॅशे लाइन. शिवाय पट्टी तयार करतानाच खास प्रकार निवडता येतात. इन मध्ये मोठी कॉन्स्टंट यादी असेल तर १४ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, नऊ किंवा जास्त किमतींना रांगेने तपासण्याऐवजी हॅश टेबल होतं. तो निर्णय एकदा होतो, ओळीगणिक नाही.

एसक्यूलाइट याच कल्पनेला टोकापर्यंत नेतं. तिथे एक्स्प्रेशनच नव्हे, सगळं स्टेटमेंट, टेबलावरच्या लूपसकट, बाइटकोड होतं आणि एक छोटं व्हर्च्युअल मशीन ते चालवतं. आधी ते स्टॅकवर चालणारं होतं, २००८ मध्ये ३.५.५ आवृत्तीत रजिस्टरवर चालणारं झालं. कुठल्याही क्वेरीपुढे एक्सप्लेन लिहा, सूचनांची यादी समोर येते. तुमच्या आकाराच्या इंजिनासाठी याहून चांगला गुरू मला माहीत नाही.

मशीन कोड, की ओळींचा गठ्ठा

गोएट्झ ग्रेफे यांच्या व्होल्कॅनो या इंजिनापासून रूढ झालेल्या रचनेत प्रत्येक ऑपरेटर (इथे चिन्ह नव्हे, स्कॅनसारखा प्लॅनमधला टप्पा) खालच्याला 'पुढची ओळ दे' म्हणतो. रचना सुरेख आहे, पण ओळीमागे खर्च ठरलेला. त्यावर दोन उतारे निघाले.

पहिला: एक ओळ नको, गठ्ठा द्या. २००५ च्या मोनेटडीबी एक्स१०० ने हे ठळकपणे दाखवलं, आज डकडीबी तेच करतं, एका गठ्ठ्यात २०४८ किमती. झाड चालायचा खर्च तोच, पण तो २०४८ ओळींत वाटला जातो, आणि आतला लूप इतका साधा असतो की कंपायलर त्याला स्वतःहून सिमडी सूचनांत (एकाच वेळी अनेक किमतींवर चालणाऱ्या) बसवू शकतो. म्हणजे तुमचं रिकर्सिव्ह फंक्शन तसंच राहू द्या, फक्त एका किमतीऐवजी किमतींचा अ‍ॅरे आणि नलचा बिटमॅप परत करू द्या. कॉलमवार साठवण असेल तर मी सरळ हाच रस्ता सांगेन. सांभाळायचं एकच: केसमध्ये 'गठ्ठ्यातल्या कोणत्या ओळी अजून जिवंत आहेत' याची यादी बरोबर न्यावी लागते, नाहीतर नको असलेल्या ओळींवरही भागाकार होऊन चुका उडतात.

दुसरा: क्वेरीगणिक मशीन कोड. ही कल्पना नवी नाही, १९७० च्या दशकातलं सिस्टिम आर क्वेरीचा मशीन कोडच करत असे. २०११ च्या सुमारास हायपर या डेटाबेसने एलएलव्हीएम (मशीन कोड बनवणारी तयार लायब्ररी) वापरून ती पुन्हा चर्चेत आणली. पोस्टग्रेसमध्ये जेआयटी (क्वेरी चालवतानाच मशीन कोड बनवणं) ११ व्या आवृत्तीत आलं आणि १२ व्या पासून आपोआप चालू असतं; क्वेरीची अंदाजित कॉस्ट १,००,००० च्या वर गेली की त्याचा विचार होतो. अडचण अशी की तो अंदाज आहे. अंदाज फुगला की काही मिलिसेकंदांच्या क्वेरीसाठी शेकडो मिलिसेकंद कंपाइल करण्यात जातात. भरपूर पार्टिशन असलेल्या टेबलांवर मी हे पाहिलंय, आणि तिथे जेआयटी बंद करणं हाच उपाय ठरला.

म्हणून तुम्हाला मशीन कोडचा सल्ला मी देणार नाही, निदान आत्ता तरी नाही. डीबगिंग अवघड होतं, एलएलव्हीएमच्या आवृत्त्यांमागे धावावं लागतं, आणि पट्टी किंवा गठ्ठा केल्यावर उरलेला फायदा किती हे मोजल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर आधी नावं आणि प्रकार आकड्यांत बांधले असते आणि कॉलम गरजेपुरतेच सुटे केले असते. तेवढं करून पुन्हा मोजलं असतं. बऱ्याचदा इथेच काम भागतं. मग ओळीवार साठवण असेल तर पट्टी, कॉलमवार असेल तर गठ्ठा.

आणि एक विनंती, जुनं रिकर्सिव्ह फंक्शन पुसू नका. ते हळू आहे, पण वाचून पटतं. रँडम एक्स्प्रेशन तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहा, ज्यात नल मुबलक येतील, शून्याने भागाकार येईल, नॉटच्या आत अँड येईल. प्रत्येक एक्स्प्रेशन दोन्ही पद्धतींनी चालवा आणि उत्तरं जिथे वेगळी येतील तिथे थांबा. चूक आली की नाही एवढंच बघू नका, कोणती चूक आली तेही जुळवा. माझ्या पट्टीतला नॉटच्या आतल्या अँडचा घोळ अशाच एका चाचणीत सापडला होता. माझ्या सगळ्या हाताने लिहिलेल्या चाचण्या तोपर्यंत हिरव्या होत्या.